रूनक्वेस्ट: बुडता बुडता वाचलेला खेळ

तर मंडळी, रूनक्वेस्ट आला १९७८ मध्ये. अमेरिकेतल्या केऑसियम कंपनीचा, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा. यात लेव्हल वगैरे नाही! जे कौशल्य वापराल तेच वाढतं. आणि हीरोचा पायसुद्धा तुटू शकतो.

पुढे खेळ दुसऱ्यांच्या हातात गेला. २०१३ मध्ये केऑसियमने 'कॉल ऑफ कथुलू' या दुसऱ्या खेळासाठी किकस्टार्टरवर साडेपाच लाख डॉलर जमवले. पण पुस्तकं येईचनात, कंपनी बुडायला आली. २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड परतले, मग मून डिझाइनवाल्यांनी कारभार हाती घेतला. रखडलेली पुस्तकं पोचवायची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. त्याच वर्षी रूनक्वेस्टसाठी पुन्हा किकस्टार्टर! मी असतो तर धजलो नसतो. लोकांनी मात्र दोन लाख डॉलरच्या वर दिले, तेही जुन्याच दुसऱ्या आवृत्तीसाठी.