मद्यपी चालकाला जागीच रोखण्याचे अधिकार : पोलिसांची मर्यादा कोठे संपते?

पापनाशम (जि. तंजावर, तमिळनाडू) : तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर अय्यमपेट्टै मागे पडले की पापनाशम लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे तालुक्याचे गाव. भाताची पोती वाहणारे ट्रक, कुंभकोणमच्या मंदिरांकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्या, प्रवासी बस आणि दुचाकी या एकाच रस्त्याने ये-जा करतात. अशा रस्त्यावर रात्रीच्या गस्तीवरील पोलिसाने एखादे वाहन थांबवले आणि चालक दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असल्याचे आढळले, तर त्याला तेथल्या तेथे वाहन चालविण्यास बंदी घालण्याचा अधिकार पोलिसांना आहे का?

या प्रश्नाचे भारतीय कायद्यातील उत्तर दोन भागांत आहे. त्या रात्री चालकाला रोखण्याचा, त्याला अटक करण्याचा आणि त्याचा वाहन परवाना ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे. परंतु परवाना निलंबित करण्याचा, रद्द करण्याचा किंवा ठरावीक मुदतीसाठी वाहन चालविण्यास मनाई करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. तो परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे आणि न्यायालयाकडे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्यामुळे पापनाशमच्या रस्त्यावर लागू होणारी हीच चौकट महाराष्ट्रात आणि देशात इतरत्रही लागू होते.

गुन्हा कोणता?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार, चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. हे प्रमाण श्वासपरीक्षण यंत्राने, म्हणजेच ब्रेथ ॲनालायझरने, किंवा प्रयोगशाळेतील चाचणीने निश्चित करता येते. अमली पदार्थांच्या बाबतीत असा आकडा कायद्यात नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ ठरावा इतका अंमल असणे, ही तेथील कसोटी आहे.

पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून वाढीव दंड लागू झाला. तोपर्यंत दंडाची कमाल रक्कम अनुक्रमे २,००० आणि ३,००० रुपये होती. ज्या गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येते, त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे. कलम १८५ चा त्या यादीत समावेश नाही. त्यामुळे दारू पिऊन वाहन चालविल्याचे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून संपत नाही. ते न्यायालयातच जावे लागते.

मद्यपी चालकाच्या शेजारी बसलेली व्यक्तीही सर्वस्वी सुरक्षित नाही. या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यास कलम १८८ नुसार शिक्षा होऊ शकते. चेन्नई वाहतूक पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाच्या आधारे सहप्रवाशांवरही कारवाईचा पवित्रा घेतला होता.

रस्त्यावरील चाचणी

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला किंवा मोटार वाहन विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला, संशयास वाजवी कारण असल्यास, चालकाकडून तेथेच किंवा जवळपास श्वासाचा नमुना मागता येतो. हा अधिकार कलम २०३ मधून मिळतो. यंत्राने अल्कोहोल दाखवले, किंवा चालकाने नमुना देण्यास नकार दिला आणि त्याने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असला, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. चालक अपघातात जखमी होऊन रुग्णालयात असेल, तर मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवावे लागते. चाचणीमुळे उपचारांत बाधा येईल, असा आक्षेप डॉक्टरने घेतल्यास चाचणी करता येत नाही.

अटकेनंतर पोलीस ठाण्यात पुन्हा एकदा श्वास चाचणीची संधी द्यावी लागते. कलम २०४ नुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकामार्फत रक्ताचा नमुना घेता येतो. अटक झालेली व्यक्ती महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीतच नमुना घेणे बंधनकारक आहे. चाचणीस दिलेला नकार हा स्वतंत्रपणे दोषसिद्धी ठरत नाही. परंतु त्यास वाजवी कारण नसल्यास तो अभियोग पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारा मानता येतो, असे कलम २०५ सांगते.

कलम २०२ मधील एक अट विशेष महत्त्वाची आहे. पोलिसाच्या समक्ष घडलेल्या गुन्ह्यासाठी या कलमाखाली अटक केलेल्या चालकाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. अन्यथा त्याला कोठडीतून सोडावे लागते. पापनाशममध्ये सरकारी रुग्णालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय असलेले तंजावर सुमारे २५ किलोमीटरवर आहे. परंतु डॉक्टर आणि वाहन दोन्ही वेळेवर मिळणे ज्या भागात कठीण, तेथे ही दोन तासांची मुदतच प्रकरणाचे भवितव्य ठरवते.

तपासणीवर एवढा भर देण्यामागे कारण आहे. केवळ तोंडाला येणारा वास, लटपटती चाल किंवा विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून चालक नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात १९७१ मध्ये म्हटले होते. नमुना घेतल्यानंतर तो सुरक्षित राहणेही तितकेच आवश्यक असते. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या घटनेने हा प्रश्न देशभर चर्चेत आणला.

परवाना जप्त, पण बंदी नव्हे

जागेवर बंदी घालण्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद कलम २०६ मध्ये आहे. मूळ कायद्यात, चालक पळून जाईल किंवा समन्स टाळेल असे वाटल्यास पोलिसांना परवाना ताब्यात घेऊन न्यायालयाकडे पाठवता येत असे. त्या बदल्यात दिलेल्या तात्पुरत्या पोचपावतीवर चालकाला परवाना परत मिळेपर्यंत वाहन चालवता येत असे. म्हणजे परवाना पोलिसांकडे गेला, तरी चालक दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत होता.

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने या कलमात चौथे पोटकलम जोडले. मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालविणे, अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन हाकणे अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. अशा वेळीही चालकाला पोचपावती मिळते; परंतु परवाना परत मिळेपर्यंत ती पोचपावती वाहन चालविण्याचा अधिकार देत नाही. वाक्य लहान असले, तरी त्याचा परिणाम मोठा आहे. पोलिसाने बंदीचा आदेश काढलेला नसतो, तरीही त्या क्षणापासून चालकाच्या हाती वाहन चालविण्याचा वैध दस्तऐवज राहत नाही.

परवान्यांच्या डिजिटल नोंदींमुळे या प्रक्रियेचे स्वरूपही बदलले आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार, अपात्र ठरवलेल्या किंवा रद्द केलेल्या परवान्यांची नोंद संगणकीय प्रणालीत कालक्रमानुसार ठेवायची आहे. त्यामुळे खिशात परवान्याचे कार्ड आहे, एवढ्यावरून तो वैध ठरत नाही.

वाहनाचे काय, हा प्रश्न वेगळा आहे. चालकाला अटक झाल्यास वाहनाची तात्पुरती व्यवस्था करण्याची मुभा पोलिसांना आहे. परंतु केवळ चालक मद्यधुंद होता म्हणून वाहन अडकवून ठेवू नये. सोबत परवानाधारक आणि नशेत नसलेली व्यक्ती असल्यास तिच्या स्वाधीन करावे किंवा नातलगांना बोलावून त्यांच्याकडे द्यावे, अशा आशयाचे निर्देश तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिले होते.

बंदी कोण घालतो?

परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, जप्त परवाना पोहोचल्यानंतर कलम १९ लागू होते. तंजावर जिल्ह्यात अशी कार्यालये तंजावर आणि कुंभकोणम येथे आहेत. ‘टीएन ४९’ आणि ‘टीएन ६८’ हे त्यांचे वाहन नोंदणी क्रमांक. प्राधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे आहे. त्यानंतर त्याला दोषमुक्त करता येते. किंवा लेखी कारणे नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांकरिता अपात्र ठरवता येते आणि पुन्हा गुन्हा केल्यास परवाना रद्द करता येतो. या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या चालकाला किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवणे कलम २० नुसार न्यायालयावर बंधनकारक आहे. अपात्र असताना वाहन चालविल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पोलीस आणि परवाना प्राधिकारी यांच्या अधिकारांतील सीमारेषा कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केली. वेगमर्यादा ओलांडल्याच्या एका प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने परवाना निलंबित केला होता. पोलीस परवाना जप्त करून पुढे पाठवू शकतात. निलंबन किंवा रद्द करण्याचा निर्णय परवाना प्राधिकाऱ्याचाच आहे, असे न्यायालयाने सांगितले. हे प्रकरण मद्यपानाचे नसले, तरी कलमांची रचना समान असल्याने तोच विचार येथेही लागू पडतो.

या सीमारेषेला चालकाच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. ट्रक किंवा भाड्याची गाडी चालवून घर चालविणाऱ्यासाठी तीन महिन्यांची बंदी म्हणजे तीन महिन्यांची रोजी बुडणे. यंत्र सदोष असेल किंवा नोंद चुकीची असेल, तर ते सांगण्याची संधी त्याला सुनावणीतच मिळते. दुसऱ्या बाजूला सुनावणी लांबली, परवाना वेळेवर पुढे पाठवला गेला नाही किंवा चालकाकडे मुळात परवानाच नसला, तर कायद्याचा हेतू निष्फळ ठरतो. परवाना नसलेल्याच्या बाबतीत कलम २०७ खाली वाहन ताब्यात घेणे हाच पोलिसांकडील परिणामकारक उपाय उरतो.

अमली पदार्थांची अडचण

श्वासपरीक्षण यंत्र गांजा, अफू किंवा गुंगीच्या गोळ्या ओळखू शकत नाही. शिवाय कलम २०४ मधील रक्तचाचणीची तरतूद, श्वास चाचणीत अल्कोहोल आढळणे किंवा त्या चाचणीस नकार मिळणे, या गोष्टींशी जोडलेली आहे. श्वास चाचणी देऊन त्यात निर्दोष ठरलेल्या, परंतु अन्य नशेत असलेल्या चालकाला ती सरळ लागू होत नाही. अशा वेळी अटकेतील व्यक्तीच्या वैद्यकीय तपासणीची मुभा देणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ चा आधार घेता येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तरीही आकड्यातील मर्यादा नसल्याने, चालकाचे वाहनावर नियंत्रण नव्हते हे साक्षी-पुराव्यानेच सिद्ध करावे लागते.

तमिळनाडूचा वाटा

या विषयातील दोन महत्त्वाचे न्यायालयीन टप्पे तमिळनाडूतून सुरू झाले. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्या याचिकेवर २२ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने माजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दारू पिऊन वाहन चालविणाऱ्यांसह ठरावीक गुन्हे करणाऱ्यांचे परवाने किमान तीन महिने निलंबित करावेत, अशी सूचना या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना केली. हीच तीन महिन्यांची मुदत पुढे २०१९ च्या दुरुस्तीत आली.

दुसरे प्रकरण ‘तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू’. त्यात १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांच्या क्षेत्रात हे अंतर ३१ मार्च २०१७ रोजी २२० मीटर करण्यात आले, तर पुढे महापालिका-नगरपालिका हद्दींबाबत आदेश शिथिल झाला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. अपघातांची सर्वाधिक संख्या, ६४,१०५, तमिळनाडूत होती. मद्य किंवा अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंचे नोंदले गेलेले प्रमाण सुमारे अडीच टक्के होते. मात्र चाचणीच झाली नाही, तर अपघाताची नोंद अतिवेगासारख्या अन्य कारणाखाली होऊ शकते, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा लागतो.

अन्य देशांत काय?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सप्टेंबर २०१० पासून पोलीस रस्त्यावरच मनाईचा आदेश देतात. कमी प्रमाण आढळल्यास ३, ७ किंवा ३० दिवस आणि चाचणीत पूर्णतः नापास झाल्यास ९० दिवस वाहन चालविता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मे २०१९ पासून कमी प्रमाणाच्या पहिल्या गुन्ह्यातही पोलीस परवाना तत्काळ तीन महिने निलंबित करू शकतात. इंग्लंडमध्ये वाहनबंदीचा आदेश न्यायालय देते. तेथील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, म्हणजे भारताच्या अडीच पटीहून अधिक, राहिली आहे. स्कॉटलंडने ती डिसेंबर २०१४ मध्ये ५० वर आणली.

भारताची मर्यादा यांपैकी अनेक देशांहून कडक असली, तरी बंदीचा निर्णय येथे सुनावणीनंतरच होतो. पापनाशमच्या रस्त्यावर थांबवलेल्या चालकासाठी याचा अर्थ असा : पोलिसाच्या हातून मिळालेली पोचपावती हा शिक्षेचा आदेश नाही आणि वाहन चालविण्याची परवानगीही नाही. प्राधिकाऱ्याचा निर्णय होऊन परवाना परत मिळेपर्यंत त्याने सुकाणू हाती घेता कामा नये, आणि तो निर्णय विनाविलंब देणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे.