शिट्टी ते एसएमएस: आरोप कळवण्याचा इतिहास

आजचा विषय ऐकायला छोटा आहे. मोबाईलवर मेसेज येतो, की आपल्या अमुक नंबरच्या गाडीवर ई-चलान झालंय, दंड इतका. आपण तो वाचतो, चिडतो, मग भरतो किंवा विसरून जातो. पण हा मेसेज मुळात येतो का? पोलिसांचं सौजन्य म्हणून? तसं नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो वेळेत कळवला पाहिजे, हे बंधन जवळजवळ मोटारीइतकंच जुनं आहे. त्या बंधनाचा प्रवास आज आपण बघू.

सुरुवात ब्रिटनपासून करावी लागते, कारण आपला कायदा तिथूनच आला. तिथे १९०३ साली मोटार कार कायदा झाला. वेगाची मर्यादा ठरली ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. त्याच कायद्याने गाडीला नंबर लावणं सक्तीचं केलं. हा नंबर कशासाठी? गाडी निघून गेल्यावरही मालक सापडावा यासाठी. म्हणजे 'आत्ता गुन्हा, नंतर पत्र' ही कल्पना नंबरप्लेटच्या जन्मातच आहे. कॅमेरा खूप उशिरा आला.

त्या काळात पोलीस मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना झुडपाआड उभे राहायचे, हातात स्टॉपवॉच. गाडीवाले वैतागले. १९०५ मध्ये त्यांनी ऑटोमोबाईल असोसिएशन काढली, तिची माणसं सायकलवरून फिरून पुढच्या सापळ्याची खूण द्यायची. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कायद्यातच होती. वेगाच्या गुन्ह्यात चालकाला जागेवरच बजावलं पाहिजे, नाहीतर २१ दिवसांच्या आत नोटीस पाठवली पाहिजे. तसं केलं नाही, तर शिक्षा नाही. १९३० च्या कायद्याने ही मुदत १४ दिवसांवर आणली.

यामागचा विचार साधा आहे. समजा, तीन महिन्यांनी कुणी विचारलं, 'अमुक मंगळवारी दुपारी अमुक पुलावर तुमची गाडी किती वेगात होती?' काय सांगणार? गाडीत कोण होतं, कोण चालवत होतं, काहीच आठवत नाही. आणि आठवत नाही तो माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही. मुदत आहे ती त्याच्या स्मरणशक्तीसाठी.

हेच तत्त्व आपल्याकडे आलं. आज लागू असलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०९ बघा. अतिवेग आणि धोकादायक ड्रायव्हिंग या गुन्ह्यांसाठी ते म्हणतं: जागेवर ताकीद द्या, किंवा १४ दिवसांत नोटीस द्या, किंवा २८ दिवसांत समन्स बजावा. पण एक अपवादही आहे. वाजवी प्रयत्न करूनही चालकाचं किंवा मालकाचं नाव-पत्ता वेळेत कळू शकला नाही, तर हे संरक्षण मिळत नाही. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कॅमेरा. मॉरिस गॅट्सोनिडिस नावाचा डच रॅलीपटू होता, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग किती हे मोजायला त्याने यंत्र बनवलं, आणि पुढे तेच पोलिसांच्या हाती गेलं. गंमत बघा, वेग वाढवायला केलेलं यंत्र वेग रोखायला लागलं! ब्रिटनमध्ये १९९२ पासून 'गॅट्सो' कॅमेरे रस्त्यावर आले. ते अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचे. रस्त्यावर रंगवलेल्या रेघांवरून गाडी किती सरकली ते मोजता यायचं. म्हणजे यंत्राचं म्हणणं माणसाला पडताळता येत होतं.

आपल्याकडे तोवर पोलीसमामाची शिट्टी, बाजूला घेतलेली गाडी आणि फाडलेली पावती. त्यात घासाघीस होती, कधी चिरीमिरीही होती. पण एक गोष्ट पक्की होती: आपल्यावर आरोप झाला हे तिथल्या तिथे कळायचं. २०१६ मध्ये मुंबईत साडेचार हजारांहून जास्त सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, ई-चलान सुरू झालं, आणि २०१९ मध्ये ते राज्यभर पसरलं. सिग्नल तोडला, स्टॉप लाइन ओलांडली, तरी कुणी थांबवत नाही. शिट्टी गेली आणि तिचं सगळं काम एका एसएमएसवर येऊन पडलं.

तो एसएमएस जातो कुठे? गाडीच्या नोंदणीशी जोडलेल्या नंबरवर. नंबर बदलला असेल, गाडी विकून नाव बदलून घेतलं नसेल, तर मेसेज भलत्याच माणसाकडे. मालक म्हणतो, 'मला कळवलंच नाही.' तेव्हा तो मघाचा अपवाद आठवा. पत्ता चुकीचा ठेवणाऱ्याला ही तक्रार करणं अवघड जातं. शिवाय, गाडी कोण चालवत होतं ते पोलिसांनी विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी कलम १३३ मालकावरच टाकतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७-अ आणला. कॅमेरा असलेल्या रस्त्यावर आधी फलक हवा, यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र हवं, नोटीस १५ दिवसांत हवी. चलानात नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कलम हे सगळं हवं. ११८ वर्षांनीही मुद्दा तोच: वेळेत सांगा आणि पुरावा दाखवा.

म्हणून चलान आलं की नुसता दंडाचा आकडा बघू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की फोटो दिसतो. गाडी आपलीच आहे ना, प्लेटवरचा अंक नीट वाचलाय ना, ते बघा. आणि हो, व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल आली तर ती उघडू नका. ती चोरांची. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असाच हवा.

कॅमेरा पक्षपात करत नाही, ओळखीपाळखी मानत नाही, हे चांगलंच आहे. पण त्याला जाब विचारता येत नाही. जाब विचारण्याचा आपला हक्क त्या नोटिशीतच आहे, आणि नोटीस पोहोचायची तर नोंदणीतला मोबाईल नंबर आणि पत्ता बरोबर हवा. घरी गेल्यावर आधी तेवढं तपासा. आता प्रश्न घेऊ.