जीपगाडीचे मूळ रूप आणि बदललेले इंजिन

मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यापाशी येतो, तेव्हा त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा घोडबंदरच्या रस्त्याने डोंगराला उत्तरेकडून वळसा घालून बोरिवली-कांदिवलीच्या बाजूला उतरतो; दुसरा शहापूर, कसारा या मार्गाने घाट चढून इगतपुरीला पोहोचतो. महाराष्ट्रातील जीपगाडीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास या दोन्ही दिशा महत्त्वाच्या आहेत. कांदिवलीस ही गाडी घडत असे आणि पुढे तिच्यात बसलेले डिझेल इंजिन इगतपुरीस तयार होऊ लागले. पेट्रोलवर चालणारी म्हणून जन्मास आलेली गाडी डिझेलवर चालू लागली, ही या इतिहासातील मध्यवर्ती घटना होय. तिचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने जुन्या वाहनांच्या नोंदणीसंबंधी नवे नियम प्रसिद्ध केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत ‘व्हिंटेज’ म्हणून मान्य झाली. परंतु अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या कसोटीने आपल्याकडील असंख्य जुन्या जीपगाड्या वारशाच्या बाहेर पडतात. ही कसोटी इतिहासाला धरून आहे काय, हे तपासावयाचे तर ‘मूळ’ म्हणजे काय, तेथूनच आरंभ केला पाहिजे.

महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या संस्थेने १९४७ मध्ये अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीकडून सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्या आणविल्या, आणि १९४९ पासून मुंबईत माझगाव येथे जुळणीचे काम सुरू झाले. युद्धकाळातील जीपमध्ये असलेले इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे व ६० अश्वशक्तीचे होते. डेल्मर रूस या अभियंत्याने ते सुधारून सिद्ध केले होते. त्याच आकारमानाच्या पुढील इंजिनात आत घेण्याचे व्हाल्व्ह डोक्यावर नेल्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या वर गेली. पण इंजिनाची उंची वाढली. ते सामावून घेण्यासाठी १९५३ च्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच करावे लागले. आपल्याकडे ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ असा जो भेद केला जातो, त्याचे मूळ येथे आहे. म्हणजे खुद्द निर्मात्यांच्या हातीही या गाडीचे रूप इंजिनाच्या मागोमाग बदलत गेले. १९६५ च्या सुमारास याच इंजिनावर चालणारी, चालकाची बैठक अगदी पुढे असलेली एफसी-१५० ही मालवाहू गाडीही भारतात बनू लागली. शेतमाल, खडी, पाण्याची पिंपे आणि माणसे या सर्वांचा भार तिने वाहिला.

या गाड्यांना पेट्रोल भरपूर लागे. युद्धात किंवा अमेरिकेतील शेतावर तो दोष नव्हता. भाड्याने गाडी चालविणाऱ्या माणसास मात्र तो सोसण्यासारखा नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल झपाट्याने महागले. शेती व वाहतूक यांच्या सोयीसाठी डिझेल स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण त्यापुढेही दीर्घकाळ टिकले. डिझेलच्या दरावरील नियंत्रण संपूर्णपणे उठले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. या दोन किमतींमधील अंतराने जेवढी इंजिने बदलली, तेवढी यंत्राच्या बिघाडाने खचित बदलली नसतील.

पर्यायी इंजिन प्रथम आले ते शेतातून. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे सुमारे २,३५० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन सत्तरीच्या दशकात जीपमध्ये बसले आणि १९७७ मध्ये ती कंपनीही महिंद्रमध्ये विलीन झाली. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी सहकार्य होऊन २,११२ घनसेंटिमीटरचे, अधिक हलके व अधिक वेगाने फिरणारे डिझेल इंजिन इगतपुरीत बनू लागले. कारखान्याने जे नव्या गाड्यांत केले, तेच गॅरेजमधील मिस्त्रींनी जुन्या गाड्यांत केले. या दोहोंना एकाच प्रक्रियेची अंगे मानल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडाची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी पट्टी कातून बसवावी लागते. इंजिनाचा मुख्य दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आले नाहीत, तर क्लच व बेअरिंग फार काळ टिकत नाहीत. जीपमध्ये पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा उजव्या अंगाने जातो. त्याला वाट राहील असा तेलाचा खालचा डबा निवडावा लागतो. डिझेलचे वजन व कंप अधिक, म्हणून आधाराचे रबर आणि पुढचे पाटे यांचा विचार आलाच. एफसी-१५० मध्ये तर इंजिन चालकाच्या बाजूला, आसनांच्या मधोमध असते. तेथे आधीच पुढे झुकलेला भार जड इंजिनाने आणखी वाढतो आणि त्याची उष्णता व आवाज केबिनमध्येच उतरतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेट येथे उभी राहिली. लेथ आणि मिलिंगची अशी कामे होणाऱ्या भागात या जोडकामाला लागणारी कारागिरी हाताशी असणे स्वाभाविक होते.

यापेक्षाही सूक्ष्म प्रश्न गतीच्या प्रमाणाचा होता. मूळ गाडीत क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होई. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर मिनिटास ४,००० फेऱ्या घेणाऱ्या पेट्रोल इंजिनावर ताशी सुमारे ९८ किलोमीटरचा हिशेब निघतो. मंदगती डिझेल २,५०० फेऱ्यांवरच थांबले, तर हा वेग ६१ किलोमीटरवर येतो. प्रमाण ४.८८ केले, तर तोच वेग सुमारे ६८ होतो. मात्र चार चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत हा बदल पुढे व मागे दोन्हीकडे सारखाच करावा लागतो; एरव्ही दोन धुरा भिन्न गतीने फिरू पाहतात आणि पक्क्या रस्त्यावर मधल्या दांत्यांवर जबर ताण येतो. उलट, चढावर व चिखलात जुनेच प्रमाण उपकारक ठरे. पहिला गिअर २.८, मंदगतीचा गिअर २.४६ आणि ५.३८ यांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाची एक फेरी, ही चाल बैलगाडीच्या चालीहून फारशी वेगळी नाही. जव्हार-मोखाड्याच्या पायवाटांवर वेगापेक्षा तिचेच मोल अधिक होते. तेव्हा कोणते इंजिन आणि कोणते प्रमाण, या निवडीत गाडी कोठे व कशासाठी चालत होती, याची नोंद आपोआप होऊन बसली आहे.

भाषेचा पुरावाही याच दिशेने जातो. मराठीत ‘जीप’ हा शब्द स्त्रीलिंगी झाला तो ‘गाडी’च्या अनुरोधाने, आणि लवकरच तो विशिष्ट कंपनीचे नाव न राहता एका जातीच्या वाहनाचे सामान्यनाम बनला. ‘गाडीला डिझेल बसविले’ असा प्रयोग रूढ झाला, त्यात इंधनाचे नावच इंजिनासाठी योजले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, या प्रयोगात गाडी कर्मही होत नाही व बदलतही नाही. तिला काहीतरी मिळते, पण ती तीच राहते. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने गाडीची ओळख इंजिनावर अवलंबून नव्हती. कायद्याची दृष्टी याहून निराळी आहे. नोंदणीपत्रावर इंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. दुसऱ्या इंधनाकरिता इंजिनात करावयाच्या बदलाला ते अटींसह वाव देते. या निर्बंधामागे सुरक्षिततेचा विचार आहे आणि तो रास्तही आहे. ब्रेक जुनेच ठेवून इंजिन जड केलेली गाडी कोणाच्याही जिवावर बेतू शकते.

परंतु सुरक्षितता हा एक प्रश्न आणि वारसा हा दुसरा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रधान संपादक होते. हस्तलिखितांच्या आधारे जितकी प्राचीन संहिता हाती येईल तितकी मिळवावयाची, हा तिचा हेतू होता. तथापि संपादकांनी नंतरचे पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जतन केले, कारण निरनिराळ्या प्रांतांतील वाचकांनी ग्रंथ कसा स्वीकारला, हे त्या पाठभेदांवरूनच कळते. जुन्या जीपचे पुनरुज्जीवन करताना आज नेमके उलट घडते. डिझेल काढले जाते, पेट्रोल इंजिन शोधून बसविले जाते, जोडपट्टी भंगारात जाते, आणि तीस-चाळीस वर्षांचा पाठ पुसला जातो. नियमाला मान्य होणारे रूप त्यामुळे मिळते. परंतु ते रूप ओहायोतील टोलेडोच्या कारखान्याची आठवण सांगते, शहापूरच्या बाजारची नव्हे.

मूळ इंजिनासह टिकलेल्या गाड्या विरळ आहेत आणि त्या तशाच राखल्या पाहिजेत, यात वाद नाही. परंतु ज्यांचे इंजिन पन्नास वर्षांपूर्वी बदलले आणि ज्या तेव्हापासून त्याच रूपात धावल्या, त्यांचा तो बदल आता स्वतःच जुना झाला आहे. तेलसंकट, शेतीचे यांत्रिकीकरण, खेड्यांची वाहतूक आणि निनावी कारागिरांचे गणित यांचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. म्हणून एवढे तरी घडावे की, कोणत्याही जुन्या गाडीचे इंजिन काढण्यापूर्वी त्याचा क्रमांक, जोडपट्टीची मापे, क्राऊन-पिनियनचे प्रमाण आणि काम करणाऱ्या मिस्त्रीची आठवण लिहून ठेवली जावी. असे काम केलेल्या पिढीतील माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांचे हिशेब बहुधा कागदावर नव्हतेच. ते लोखंडावर होते, आणि लोखंड वितळवावयास फार वेळ लागत नाही.