कागदावरची एक ओळ

गेल्या शनिवारी एका डॉक्टर मित्राबरोबर खापरला गेलो होतो. अक्कलकुव्याहून गुजरातकडे जाताना लागणारं गाव. चहा पिताना तो सहज म्हणाला, "रात्री पोलीस कुणाला तपासणीला घेऊन आले की पोटात गोळा यायचा. काय लिहायचं हे कॉलेजात कुणी धड शिकवलंच नव्हतं!"

घरी येऊन वाचत बसलो. धागा थेट १९७२ ला जाऊन पोचला. मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत बलात्कार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. हाच तो मथुरा खटला. तिची तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री. अहवालात काय? अंगावर जखम नाही, आणि योनिमार्गात दोन बोटं सहज जातात. हायकोर्टाने पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. जखमा नाहीत म्हणजे विरोध केला नाही, हा त्यातला मोठा मुद्दा. भीतीने माणूस गोठून जातो, हे कुणी विचारातच घेतलं नाही.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या एक वसुधा धागमवार. गंमत म्हणजे त्यांनी याच अक्कलकुवा-अक्राणी भागातल्या आदिवासींच्या हक्कांवर काम केलं होतं. १९८३ मध्ये कायदा बदलला. डॉक्टरांची पुस्तकं मात्र तशीच राहिली.

छळ झालेल्यांना, आश्रय मागणाऱ्या निर्वासितांनाही, कसं तपासावं याचे नियम १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे आले. त्यांना इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. त्यातलं एक सूत्र साधं आहे: खुणा नाहीत म्हणजे छळ झाला नाही, असं नव्हे.

आपल्याकडे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१३ मध्ये राज्याच्या नव्या नियमावलीतून दोन बोटांची चाचणी गेली. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणं' काढली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना प्रशिक्षण द्या, अभ्यासक्रम तपासा, असं बजावलं.

आमच्याकडे एवढा मोठा बग सापडला तर रिलीज थांबतं. इथे तो ४७ वर्षं पुस्तकात होता!

मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हणाला, "अभ्यासक्रम बदलला हे चांगलंच. पण रात्री एक वाजता ड्युटीवर असतो तो जुन्या बॅचचा. त्याला कोण शिकवणार?"