पत्राचे पंख

‘पत्र’ म्हटले की आपल्याला कागद आठवतो. संस्कृतात मात्र हा शब्द आधी आकाशातला आहे. ‘पत्’ म्हणजे उडणे. ज्याच्या बळावर उडायचे ते पत्र, म्हणजे पंख, पीस. अमरकोशाने पंखाच्या नावांत ते नोंदवले आहे. पिसे लावलेल्या बाणालाही ‘पत्री’ म्हणत आणि पक्ष्यालाही.

महाभारताच्या आदिपर्वातली कथा या अर्थाची सर्वांत सुंदर साक्ष. अमृत घेऊन निघालेल्या गरुडावर इंद्र वज्र टाकतो. गरुडाला इजा होत नाही. पण ज्याच्या अस्थींचे ते वज्र, त्या ऋषीचा मान राखायला तो आपले एक पीस गळू देतो. ते पीस पाहून प्राणिमात्र त्याला ‘सुपर्ण’ म्हणू लागतात. मूळ श्लोकात या पिसाला ‘पत्र’ म्हटले आहे आणि नाव मिळते ते ‘पर्णा’वरून. पीस आणि पान हे दोन्ही अर्थ या दोन्ही शब्दांत नांदत होते. मधला कणा, दोन्ही अंगांना पसरलेले पाते, वाऱ्यावर तरंगण्याइतका हलकेपणा. पाहणाऱ्यांना ती एकाच जातीची वाटली, यात मला नवल वाटत नाही.

मग ताडाच्या पानावर अक्षरे उमटली आणि पत्र लिखाणाचे झाले. पुढे ताम्रपत्र आले, 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मुळे मराठीत वृत्तपत्र आले. गणपतीच्या 21 पत्री, जेवणाची पत्रावळ आणि कांद्याची पात यांनी पानाचा अर्थ जपला. छपराच्या पत्र्याने नुसता पातळपणा घेतला.

पर्णाचे मराठीत ‘पान’ झाले, झाडाचे आणि वहीचेही. त्याचाच इराणी भाऊबंद ‘पर’. अवेस्तातल्या ‘पिसा’च्या शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि ‘पराचा कावळा’ करताना आपण तो रोज वापरतो. त्यातला पर म्हणजे पीस.

‘पेन’ची वाटही अशीच लांबची. लॅटिनमध्ये ‘पेन्ना’ म्हणजे पीस. युरोपात हंसाच्या पिसाने लिहीत, म्हणून लेखणीला ते नाव. भाषाशास्त्रज्ञ या पेन्नाचे मूळ ‘पत्’शीच जोडतात. बोरूने मोडी लिहिणाऱ्या महाराष्ट्रात हा शब्द इंग्रजीतून आला, आणि पेनाने पत्र लिहिताना एकाच धातूची दोन लेकरे कागदावर भेटू लागली.