न बांधलेली वीजकेंद्रे

1970 च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विजेची मागणी झपाट्याने वाढत होती. नवी वीजकेंद्रे बांधणे, एवढाच उपाय वीजकंपन्यांना ठाऊक होता. ही मागणीच आवरता येणार नाही काय, असा प्रश्न राज्याच्या विधिमंडळाने विचारला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी 1973 साली तशा आशयाचे विधेयक नामंजूर केले. त्याच वर्षी अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि 1974 मध्ये रेगन यांनीच वॉरन-अल्क्विस्ट कायद्यावर स्वाक्षरी केली.

त्यातून राज्याचा ऊर्जा आयोग जन्मास आला. शीतकपाटांच्या वीजवापरावर मर्यादा आली. 1978 साली नव्या इमारतींच्या भिंती, छते व खिडक्या यांसाठी नियम झाले. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी या धोरणास गणिताचा आधार पुरविला.

परंतु वीज विकूनच जी कंपनी जगते, ती काटकसरीचा पुरस्कार का करील? म्हणून 1982 च्या सुमारास राज्याच्या नियामकांनी कंपन्यांचे उत्पन्न विक्रीच्या प्रमाणापासून विलग केले.

पुढील तीन दशके तेथील दरडोई वीजवापर जवळजवळ स्थिर राहिला. सौम्य हवामान व महाग वीज यांचाही त्यात वाटा होताच; तथापि कायद्याचे श्रेय त्यामुळे नाहीसे होत नाही. न बांधलेल्या वीजकेंद्रांना कोनशिला नसते; इतिहासाने त्यांचीही नोंद ठेवावयास हवी.