शून्याचा शून्य घात

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक न उघडण्याचा मुलांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. तथापि गेल्या वर्षी आमच्या पुतणीने फराळाच्या ताटावरच प्रश्न टाकला. "काका, कोणत्याही संख्येचा शून्य घात एक. आणि शून्याचा कोणताही घात शून्य. मग शून्याचा शून्य घात किती?"

दोन्ही नियम शाळेतलेच, दोन्ही तिला तोंडपाठ. आणि एकाच दारात समोरासमोर आल्याबरोबर दोघेही अडून बसलेले! पहिला नियम येतो कुठून? दोनाचा तिसरा घात आठ, दुसरा चार, पहिला दोन. एकेक पायरी उतरताना दोनाने भागावयाचे, म्हणजे शून्याच्या पायरीवर एक उरतो. पण पायाच शून्य असला, तर पायरी उतरण्यासाठी शून्याने भागावे लागते, आणि तिथे जिनाच तुटलेला आहे.

तुटलेल्या जिन्याशी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ झटापट केली. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम सांगितले, आणि शून्याला शून्याने भागले की शून्यच, असे ठरवून टाकले. भास्कराचार्य अधिक सावध. चाळीसगावजवळच्या पाटण येथील ज्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. शून्याचे वर्ग, घन इत्यादी शून्यच, असे 'लीलावती'त त्यांनी सांगितले आहे. घातांकच शून्य असेल तर काय, हा प्रश्न त्या सूत्रात नाही. मात्र तिथेच एक गमतीचे उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचेच अर्धे मिळवा, तिनाने गुणा, शून्याने भागा. उत्तर येते ६३. तर संख्या कोणती? भास्कराचार्य म्हणतात, १४. पुढे भागावयाचे असेल तर शून्याने गुणून लगेच सारे पुसून टाकू नका, ते शून्य नुसते बाजूला धरून ठेवा, हा त्यांचा दंडक. शून्यातही काही शिल्लक असते, ही शंका सह्याद्रीच्या छायेत ११५० साली आली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

युरोपात ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात शून्याचा शून्य घात सरळ एक धरला. पुढे १८२१ साली कोशीने मात्र त्याला अनिर्धार्य रूपांच्या पंक्तीत बसविले. आणि मग या कथेत प्रवेश झाला ग्युल्येल्मो लिब्री याचा.

लिब्री मूळचा फ्लॉरेन्सचा, पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला गणिती. बर्लिनहून निघणाऱ्या क्रेलेच्या नियतकालिकात १८३३ साली त्याने एक लेख लिहिला. शून्याच्या घातावर पुन्हा शून्याचा घात चढवून त्याने दिव्याच्या बटणासारखे एक सूत्र बनविले होते: संख्या धन असली की उत्तर एक, नसली की शून्य. पण शून्याचा शून्य घात एक मानला, तरच हे बटण चालणार! झाले, वादाला तोंड फुटले. १८३४ मध्ये लाइप्झिगचा ज्योतिर्विद मोबियस लिब्रीच्या बाजूने धावून आला. त्याने आपले गुरू फाफ यांची सिद्धता पुढे केली. पाया आणि घातांक दोन्ही शून्याकडे सरकत गेले, की उत्तर एकाकडेच जाते, असा त्याचा दावा. वरवर पाहता तो खराही वाटतो. एक दशांशाचा एक दशांश घात सुमारे ०.७९४, एक शतांशाचा एक शतांश घात ०.९५५; एक सहस्रांशाचा एक सहस्रांश घात ०.९९३.

पण त्याच नियतकालिकात त्याच वर्षी एका लेखकाने, केवळ 'एस' एवढ्या अक्षराच्या आड राहून, या दाव्याला सुरुंग लावला. त्याच्या उदाहरणाचे मर्म साध्या आकड्यांत असे. एकावर शंभर शून्ये देऊन जी संख्या होते तिने एकाला भागा, आणि भागाकाराचे शंभरावे मूळ काढा. उत्तर एक दशांश. आता हजार शून्ये आणि हजारावे मूळ घ्या. पुन्हा एक दशांशच. पाया शून्याकडे चालला, घातांकही चालला, पण उत्तर जागचे हलत नाही! मोबियसच्या नावाची पट्टी आज शाळकरी मुलेही कागदाची करतात. पण त्याचे समग्र लेखन पुढे छापले गेले, तेव्हा हा लेख त्यातून मुकाट्याने वगळला गेला. गुरूवरील श्रद्धा सिद्धतेच्या कामी आली नाही, आणि निनावी असणे 'एस'ला नडले नाही.

लिब्रीचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समधील ग्रंथालयांच्या हस्तलिखितांची सूची करण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि कुंपणानेच शेत खाल्ले. १८४८ मध्ये तो सुमारे ३०,००० ग्रंथ व हस्तलिखिते घेऊन इंग्लंडला पळाला. १८५० मध्ये त्याच्या गैरहजेरीतच त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने लांबविलेले देकार्तचे एक पत्र अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात सापडले आणि २०१० साली फ्रान्सला परत गेले.

आणि गंमत अशी, की या चोराचे मूळ म्हणणे पुढे सावरले गेले. १९९२ साली डोनाल्ड क्नूथ यांनी आग्रहाने मांडले की शून्याचा शून्य घात एकच मानला पाहिजे. नाहीतर द्विपद सिद्धांतासारखी साधी सूत्रेही अपवादांनी भरून जातील. कोशीचे म्हणणे सरकणाऱ्या राशींपुरते खरे. प्रत्यक्ष शून्याची गोष्ट निराळी.

हे पुतणीला सांगावयाचे कसे? मी दारातल्या आकाशकंदिलाकडे बोट दाखविले. तीन रंगांचे कागद असले, आणि प्रत्येक कंदील एकेका रंगाचा करावयाचा असला, तर दोन कंदील नऊ तऱ्हांनी होतील. तिनाचा दुसरा घात. एकही रंग नसेल आणि कंदील मात्र दोन हवे असतील, तर एकही तऱ्हा नाही. पण रंगही नाहीत आणि कंदीलही करावयाचे नाहीत, तर? तर स्वस्थ बसावे, ही एक तऱ्हा उरतेच!

"म्हणजे उत्तर एक?"

"मोजावयाचे असेल तर एक. पण सरकत सरकत शून्याजवळ येणार असशील, तर आधी वाट कोणती ते सांग."

"आणि परीक्षेत?"

मी चकल्यांचा डबा तिच्यापुढे सरकविला.